शंभर झाडांचा रंगीत फोटो

फोटो रंगीतच हवा, ही कल्पना माझी. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यानंतर ह्या कल्पनेवर दुसऱ्या कुणीही हक्क सांगितलेला नाही.

भोर संस्थान विलीन झालं तेव्हा आम्ही संस्थानी कारकून मुंबई सरकारच्या पदरात पडलो. सरकारनं आम्हाला ठेवून घेतलं, पण हंगामी म्हणून. आंब्याचा हंगाम संपतो, उसाचा संपतो, आमचा मात्र त्रेपन्न साल उजाडलं तरी संपेना. अशात एके दिवशी प्रांतसाहेबांनी मला आत बोलावलं.

"पोंक्षे, हंगामी लोकांना खानदेशात पाठवायचं चाललंय. तुम्हाला इथं कायम करायचं तर माझ्या शिफारशीला काहीतरी आधार हवा. वेल्ह्याच्या टेकाडावर वनमहोत्सवाची शंभर रोपं तुम्हीच लावून घेतलीत ना? दसऱ्याच्या सुमाराला मी येतो. ती जगलेली दिसली तर मी लिहीन. नाही दिसली तर मग खानदेश काही वाईट नाही."

खानदेश वाईट नसेलही. पण आमच्या हिला कुणीतरी सांगितलं होतं, की तिकडे मे महिन्यात ताक चुलीवर न ठेवताच कढतं. भोरची नदी, भोरचा तांदूळ आणि भोरच्या शेजारणी सोडून कढत्या ताकाच्या मुलखात जाणार नाही, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. म्हणजे मला एकट्यालाच जावं लागलं असतं, आणि मला स्वयंपाक येत नाही.

रोपांची मला काळजी नव्हती. वाडीचे पाटील कोंडिबा आठवड्याला निरोप धाडत, "झाडं झ्याक हायती." काळजी होती ती वरच्या साहेबांची. शिफारस मुंबईला जाणार, तिथला साहेब काही टेकाड चढायला येणार नाही, तो फोटो मागणार. आता काळ्यापांढऱ्या फोटोत हिरवं झाड आणि वाळलेलं झाड ह्यांत फरक तो काय? दोन्ही काळी. हिरवेपणा दिसायला हवा. मी साहेबांना तोंडभरून सांगून बसलो, "फोटो रंगीत देतो."

साहेबांनी विचारलं, "रंगीत?" भोरमध्ये तोवर रंगीत फोटो म्हणजे काळ्या फोटोवर ब्रशनं गाल गुलाबी करून मिळायचा.

रंगीत फिल्मची चौकशी करायला पुण्याला गेलो. तिथल्या लष्कर भागातल्या दुकानदारानं किंमत सांगितली आणि मी "उद्या येतो" म्हणून जो निघालो तो थेट जुन्या बाजारात. तिथं लढाईतल्या मालाचे ढीग असत. बूट, तंबू, पाण्याच्या बाटल्या, एकेकट्या चमच्यांचे डोंगर. त्यात एका माणसाकडे पत्र्याचा मोठा डबा होता. त्यावर इंग्रजीत कलर लिहिलेलं होतं, विमानातून फोटो काढण्याची फिल्म आहे असं होतं, पिवळी काच लावून फोटो काढा अशी सूचना होती आणि पंचेचाळीस सालापर्यंत वापरा असा इशारा होता. आणखीही बराच मजकूर होता, पण तो लष्करी असल्यामुळे आपल्याला लागू नाही असं मी गृहीत धरलं. फिल्म धुण्याच्या औषधांच्या पुड्यासुद्धा डब्यातच होत्या. इतकं सगळं इतक्या स्वस्तात मिळतं आहे म्हटल्यावर माणसाला संशय यायला हवा. मला आनंद झाला.

घरी आल्यावर आमचे शेजारी रखमाजीराव डबा बघायला आले. हे संस्थानच्या बागखात्यातून निवृत्त झालेले. विलीनीकरणानंतर पाऊस कमी पडू लागला, मिरची तिखट लागेनाशी झाली, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"मुदत आठ वर्षांपूर्वी संपलीय की हो," ते म्हणाले.

"हो, पण डबा बंद आहे."

त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. "मग हरकत नाही. लोणचं जुनं झालं की मुरतं. ही पण मुरली असेल. रंग अंमळ गडद येतील."

रंग गडद येतील, हे त्यांचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो.

अडचण अशी निघाली, की ही फिल्म विमानातल्या कॅमेऱ्याची, म्हणून वीतभर रुंद, आणि माझा साधा पेटीकॅमेरा. तिच्या पट्ट्या कापून जुन्या रिळाच्या कागदावर गुंडाळायला हव्या होत्या, आणि तेही मिट्ट काळोखात. आमच्या घरात असा काळोख फक्त बाळंतिणीच्या खोलीत होता. तिला खिडकी नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी कात्री, रीळ आणि डबा घेऊन आत शिरलो आणि हिला बजावलं, "काही झालं तरी दार उघडायचं नाही."

हिनं उघडलं नाही. पण रखमाजीरावांच्या रतनबाई विरजण मागायला आल्या. ही परसात, आणि बाळंतिणीच्या खोलीतून पुरुषाच्या कण्हण्याचा आवाज येतोय, कारण माझ्या बोटाला कात्री लागली होती. रतनबाईंनी दार सताड उघडलं.

"अगं बाई! भावजी, तुम्ही हितं?"

पहिली पट्टी विरजणापायी गेली. त्या आळीत पुढे महिनाभर बायका मला पाहून पदराआड हसत होत्या, आणि माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आस्थेनं होत होती. दुसऱ्या खेपेला मी दाराला आतून पाटा लावला.

पिवळ्या काचेचा प्रश्न हिनं सोडवला. गौरीगणपतीच्या मखराचा पिवळा जिलेटिनचा कागद तिनं ट्रंकेतून काढून दिला. मी त्याचा तुकडा कॅमेऱ्याच्या भिंगावर खळीनं चिकटवला. युद्धसामग्री आणि मखर ह्यांचा असा मिलाफ पूर्वी झाला नसावा.

ठरल्या दिवशी साहेब जीपनं परस्पर गेले. मी आणि ही एस.टी.नं कापूरव्होळला उतरलो आणि वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत बसलो. ही बरोबर होती, कारण जुलैत रोपं लावताना प्रांतसाहेबांच्या मंडळी येणार म्हणून ती आली होती, त्या आल्या नव्हत्या, आणि आता तरी येतील अशी तिला आशा होती. त्या ह्याही खेपेला आल्या नाहीत. जुलैत हिनं आणखी एक उद्योग केला होता. साहेबांच्या हस्ते पहिलं रोप लागताच पुढे होऊन तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मी दटावलं होतं, "अगं, हा सरकारी कार्यक्रम आहे." त्यावर ती म्हणाली होती, "मग सरकारच्या झाडाला जीव नसतो का?"

टेकाडाखाली मांडव घातला होता. साहेब खुर्चीत बसले होते, वाडीची माणसं उभी होती, कोंडिबा पाटलांनी तांबडं पागोटं बांधलं होतं. वर टेकाडावर ओळीनं शंभर रोपं उभी, हिरवीगार. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतही पाणी आलं. जन्मात मी एवढं हिरवं काही केलं नव्हतं.

साहेब उठले. "चला, वर जाऊन बघू."

"नगं सायेब," कोंडिबा आडवे आले. "वर लई चिक्कूल हाय. जळवा बी हायती. परवा तलाठ्याच्या धोतरात शिरल्या."

साहेब पँटमध्ये होते, तरी बसले. मी कॅमेरा घेऊन जवळून फोटो काढायला निघालो, तर पाटलांनी माझा दंड धरला.

"भाऊसायेब, हितनंच काढा. हितनं फोटू लई ब्येस येतूया."

ह्या वाडीत त्याआधी कुणी कॅमेरा पाहिलेला नव्हता. मग पाटलांना फोटो कुठून चांगला येतो हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी म्हटलं, काय उपजत दृष्टी आहे माणसाला. साहेब, पाटील, आमची ही आणि मागे टेकाड, असे मी सगळे फोटो तिथूनच काढले. परतताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ही वाटेत म्हणाली, "खानदेश टळला म्हणायचा." कापूरव्होळला आम्ही दोन दोन कप चहा प्यालो.

फिल्म पुण्याला लष्कर भागातल्या एका स्टुडिओवाल्यानं पुड्यांवरच्या सूचना वाचून धुतली. ह्या फिल्मचा कागदावर फोटो छापत नाहीत, फिल्मच उजेडापुढे धरून बघायची. ती माझ्या हातात देताना तो म्हणाला, "साहेब, मी लिहिलंय तसंच केलं. पैसे आधी द्या, मग बघा."

मी पैसे दिले आणि बघितलं.

आभाळ काळंठिक्कर. डोंगर लालभडक. गवत लाल, भात लाल, लांबचं जांभूळ लाल. कोंडिबांचं पागोटं पिवळं. प्रांतसाहेबांचा चेहरा मेणबत्तीच्या रंगाचा. मांडवातले सगळे नुकतेच काविळीतून उठल्यासारखे. आणि माझी शंभर रोपं, ज्यांचा हिरवेपणा मुंबईला दाखवायचा होता, ती राखेसारखी निळसर करडी. फक्त ओळीतलं पहिलं रोप तेवढं गवतासारखंच लाल. सगळंच बिघडलं होतं, त्यात ते एक आणखी वेगळ्या तऱ्हेनं बिघडलं असावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी हिनं फिल्म खिडकीपुढे धरली आणि दुसऱ्या हातानं आपलं कपाळ चाचपलं.

"अहो, माझं कुंकू?"

मी बघितलं. हिच्या पिवळट कपाळावर कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता. आठ आण्याएवढं ठळक कुंकू लावून ती गेली होती, मी साक्षीला आहे.

एव्हाना रतनबाई आल्याच होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला. "वैनी, ह्यांना रात्री एकटं सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझं माणूसपण संपलं आणि मी जपून ठेवायची वस्तू झालो. ही सोमवार करू लागली. मला सकाळी अडुळशाचा काढा, संध्याकाळी गुळवेलीचा. सायकल बंद. विहिरीकडे जायचं नाही. रखमाजीराव येऊन माझी नाडी बघत आणि "संस्थानात अशी फिल्म येऊच दिली नसती" म्हणून सुस्कारा टाकत. मला खरोखरच अधूनमधून छातीत कळ येऊ लागली. माणसाला चार जणांनी मिळून आजारी ठरवलं की त्याचा किती वेळ टिकाव लागणार?

मी साहेबांना सांगायचं ठरवलं, की फिल्म जुनी होती, खराब झाली, साधा फोटो काढून देतो. पण कचेरीत बातमी माझ्या आधी पोचली होती. रखमाजीरावांनी ती सकाळीच साहेबांच्या चपराश्याला सांगितली होती, अर्थातच माझ्या हितासाठी.

"पोंक्षे," साहेब म्हणाले, "तुमच्या फोटोत डोंगराला आग लागलीय म्हणे. आणा बघू."

त्यांनी फिल्म खिडकीपुढे धरली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. मग त्यांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. मला खानदेशातलं स्टेशन डोळ्यांपुढे दिसू लागलं.

"ही तुम्हाला कुठं मिळाली?"

"जुन्या बाजारात, साहेब."

"लढाईत मी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होतो. विमानातून काढलेले फोटो वाचायचं माझं काम. ही फिल्म मी ओळखतो. हिला डोळ्याला न दिसणारा उजेड दिसतो. जिवंत पान तो उजेड परत फेकतं, ते हिच्यावर लाल उमटतं. तांबडा रंग पिवळा पडतो, म्हणून पाटलाचं पागोटं पिवळं आणि वहिनींचं कुंकू कपाळात मिसळून गेलंय. फिल्म उत्तम आहे. काही बिघडलेलं नाही."

माझ्या छातीतली कळ तत्काळ थांबली. ती साहेबांच्या पुढच्या वाक्याला परत आली.

"शत्रू काय करायचा, झाडाच्या फांद्या तोडून तोफांवर पसरायचा. डोळ्याला रान दिसावं म्हणून. ह्या फिल्मवर रान लाल दिसायचं आणि तोडलेल्या फांद्या अशा करड्या. मग आम्हाला कळायचं, की तोफ इथं आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पोंक्षे, तुमच्या टेकाडावर नव्याण्णव तोफा आहेत. तोफा पकडायच्या फिल्मनं तुम्ही स्वतःलाच पकडून आणलंत."

त्याच दुपारी साहेबांनी मला जीपमध्ये घातलं. वेल्ह्याला टेकाडाखाली जीप थांबली. आम्ही थेट टेकाड चढलो. चिखल नव्हता, जळवाही नव्हत्या. मी ओळीतलं दुसरं रोप धरलं, ते अलगद हातात आलं. खाली मुळं नव्हती, कोयत्यानं तासलेलं टोक होतं. तिसरं उपटलं, तेही तसंच. पाचसहा फांद्या मी काखेत घेऊन उभा राहिलो. त्या टाकाव्यात की परत खोचाव्यात, मला सुचेना. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या हिरव्या ओळीकडे बघून माझे डोळे भरून आले होते त्याचं वाईट वाटलं.

कोंडिबा धापा टाकत वर आले. माझ्या काखेतल्या फांद्या बघून त्यांनी पागोटं काढलं.

"सायेब, पाप माज्या माथी. भाऊसायबांस्नी ह्यातलं कायबी ठावं न्हाई. सरावनात शेळ्यांनी समदी रोपं खाल्ली. आता सायेब येनार, झाडं न्हाईत, मंजी भाऊसायबांची बदली. ह्यो बाबा उनातानात हितं यायचा, आमच्यासंगं भाकर खायचा. त्येला खानदेशात कसा जाऊ द्यावा? म्हून आमी समद्यांनी चार दिस आदी करंजाच्या फांद्या रवल्या. रोज पानी बी मारत व्हतो."

"फांद्यांना पाणी?" साहेबांनी विचारलं.

"दिसाया बरं."

मला कोंडिबांवर ओरडायचं होतं. त्याऐवजी मी काखेतल्या फांद्या अलगद खाली ठेवल्या. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या बदलीची एवढी काळजी तिथं कुणी केली नव्हती.

"शेळ्या कुणाच्या?" साहेबांनी आवाज चढवला.

"माज्या." वरच्या धनगरवाड्याची बनाबाई शेळ्या घेऊन पलीकडेच उभी होती. ती काही भ्यायलेली दिसली नाही.

"मग हे पहिलं झाड तेवढं कसं राहिलं?"

आम्ही तिकडे बघितलं. पहिलं रोप छातीएवढं झालं होतं. त्याच्याभोवती बोरीच्या काट्यांचं दाट कुंपण होतं आणि बुंध्याशी शेंदूर फासलेला धोंडा.

बनाबाईनं साहेबांच्या अज्ञानाची कीव केली. "त्येला ह्यांच्या मालकिनीनं हळदकुकू वाह्यलं न्हवं? कुकू लावल्यालं झाड द्येवाचं. त्येला शेळी कशी लावू? म्याच काटं घातलं, धोंडा ठिवला. द्येवराईच्या झाडाची आमी वाळली काटकी बी उचलत न्हाई."

"आणि बाकीची?"

"ती व्हय? ती सरकारची व्हती."

साहेब धोंड्याशेजारी खाली बसले आणि हसायला लागले. टोपी पडली तरी त्यांचं हसू थांबेना. कोंडिबा काळजीनं माझ्याकडे बघत होते. शेवटी साहेबांनी डोळे पुसले.

"पोंक्षे, एक झाड जगलं असंच मी लिहिणार. खोटं लिहिणार नाही."

"होय साहेब." मी मनातल्या मनात वळकटी बांधायला घेतली.

"त्याखाली आणखी एक ओळ लिहिणार. कामात कसूर झाल्यामुळे ह्या कारकुनाची बदली मंजूर करू नये. टेकाडावर शंभर झाडं स्वतः जगवून दाखवल्याशिवाय ह्याला तालुक्याबाहेर सोडू नये. किती वर्षं लागतील तितकी लागोत."

मला आधी ही शिक्षाच वाटली. जीपपर्यंत पोचता पोचता अर्थ उलगडला.

"पुढच्या जुलैत शंभर रोपं, शंभर धोंडे," साहेब जीप चालू करताना म्हणाले. "आणि वहिनींना घेऊन या."

"पण साहेब, शेंदूर कोणत्या खर्चात घालायचा? देवस्थान म्हटलं तर हरकत निघेल."

"किरकोळ रंगकाम," साहेब म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा ही दारातच उभी होती. मागे रतनबाई, त्यांच्या मागे रखमाजीराव. मला जिवंत परत आलेला पाहून त्या दोघांची जराशी निराशाच झाली असावी. मी सगळं सांगितलं. फिल्म, उजेड, तोफा, करंज, बनाबाई आणि किरकोळ रंगकाम. रखमाजीराव म्हणाले, "संस्थानात रोपांना असाच शेंदूर लावायचे," आणि काढा फुकट गेल्याच्या दुःखानं निघून गेले. हिनं माझ्या खिशातून फिल्म काढली आणि तिन्हीसांजेच्या उजेडात खिडकीपुढे धरली.

"कुंकू गेलेलं नाहीये ते," मी समजावू लागलो. "तांबडा रंग ह्या फिल्मवर पिवळा पडतो. शास्त्र आहे ते. न दिसणाऱ्या उजेडात..."

"कळलं हो, कुठं गेलं ते," ही म्हणाली.

तिचं बोट फोटोतल्या तिच्या कपाळावर नव्हतं. ते वर, टेकाडावर, नव्याण्णव करड्या फांद्यांच्या आधी उभ्या असलेल्या त्या एकाच लाल झाडावर होतं.